सोलापूरचं खाणं तिथीनं शोधावं

सोलापूर स्टेशनावर उतरणारा बाहेरचा माणूस बहुतेक वेळा सोलापूरला आलेला नसतो. त्याला पंढरपूरला विठोबाच्या, तुळजापूरला भवानीच्या, नाहीतर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असतं. सोलापूर वाटेत लागतं, म्हणून तो इथे चार-सहा तास थांबतो आणि विचारतो, 'इथलं खास काय?' उत्तर ठरलेलं असतं: शेंगाचटणी, कडक भाकरी आणि चादर. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. या तिन्ही वस्तूंचा गुण एकच आहे. त्या टिकतात आणि बांधून नेता येतात. म्हणजे पाहुण्याच्या हाती जे पडतं, ते शहराबाहेर पाठवण्यासाठी बनलेलं असतं. शहर स्वतः काय खातं, कधी खातं, कुणासोबत खातं, याचा पत्ता त्या पिशवीतून लागत नाही. माझं म्हणणं असं आहे की सोलापूरचं स्वतःचं खाणं ठिकाणाला फारसं बांधलेलं नाही, ते वेळेला बांधलेलं आहे. त्यामुळे कुठल्या चौकात जायचं हा प्रश्न दुय्यम ठरतो. कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, कुणाच्या सणाला जायचं, हे आधी ठरवावं लागतं. हे असं का झालं, याची कारणं जमिनीत आहेत, दुष्काळात आहेत आणि गिरण्यांच्या भोंग्यात आहेत.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. सोलापूरचा पाऊस बेभरवशाचा. तो पडला तर परतीचा पडतो. काळ्या जमिनीत मुरलेल्या त्या ओलीवर भाद्रपद-आश्विनात रब्बीची ज्वारी पेरायची आणि पुढे थंडीच्या दवावर ती पोसायची, हा इथला शेकडो वर्षांचा क्रम आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दामाजीपंतांची सुप्रसिद्ध कथा याच गावची. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारं लोकांसाठी खुली केली, असं परंपरा सांगते. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी तिच्या तळाशी एक पक्की गोष्ट उरते: या मुलखात धान्य साठवलेलं असणं म्हणजे जगणं, आणि ते कोठार कुणाच्या ताब्यात आहे यावर माणसाचा जीव अवलंबून. विसाव्या शतकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण काढलं गेलं आणि पुढे पिढ्यान् पिढ्या दख्खनच्या मोठ्या पट्ट्यात तेच पेरलं गेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोरडवाहू धान्याचा असा जाहीर सन्मान आपल्याकडे क्वचितच होतो.

या ज्वारीचं पहिलं खाणंच मुळी तिथीचं आहे. कणसं भरून आली, पण दाणा अजून हिरवा आणि दुधाळ आहे, असे थंडीतले जेमतेम काही आठवडे हुरड्याचे. आगटीत भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, गरम दाणे तिथेच खायचे, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. दाणा एकदा टणक झाला की हुरडा संपला. तो बाजारात आणून ठेवता येत नाही, हॉटेलच्या भट्टीवर टिकवता येत नाही. पीठ झालेल्या ज्वारीचं मात्र उलट आहे. तिची पातळ भाकरी थापून, भाजून, वाळवून कडक केली की ती आठवडेच्या आठवडे राहते. एकाच धान्याची ही दोन टोकं: एक क्षणभर टिकणारं, दुसरं महिनाभर. बाहेरच्या माणसाला दुसरं टोक सहज मिळतं, कारण ते दुकानात रचून ठेवलेलं असतं. पहिल्यासाठी त्याला शेतावर आणि वेळेवर यावं लागतं.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. शेंगाचटणीला 'पारंपरिक' म्हणावं तरी कसं? भुईमूग आणि मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली पिकं. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली, आणि दख्खनमध्ये भुईमूग मोठ्या प्रमाणावर पसरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे. म्हणजे भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरं आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटून केलेली ही चटणी आपल्याला वाटते तेवढी जुनी असूच शकत नाही. मला यात चटणीचं काही कमी होतंय असं वाटत नाही. उलट इतिहास इथेच बोलायला लागतो. भाकरी जुनी आणि चटणी नवी, हा जोड ज्या काळात बसला त्याच काळात सोलापूर हे किल्ल्याचं, बाजारपेठेचं गाव न राहता कामगारांचं शहर झालं. चटणीला विस्तव लागत नाही, ती सांडत नाही, विटत नाही, आणि तेलामुळे कोरड्या भाकरीबरोबर घशाखाली उतरते. दिवसभर घराबाहेर राबणाऱ्या माणसाच्या फडक्यात बांधायला याहून सोयीचं कालवण नाही.

हे शहर घडलं तो काळ भीषण होता. १८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मुंबईहून सोलापूरपर्यंत आली आणि १८७१ साली ती रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला जोडली गेली. कापूस, धान्य आणि माणसं यांना दोन्ही दिशांना वाट मिळाली. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. याच दुष्काळाच्या ऐन मध्यावर, १८७७ साली, मुंबईचे उद्योजक मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. तिला सोलापूरकर आजही जुनी मिल म्हणतात. शेत सोडून आलेली माणसं आणि नव्या यंत्रांना हवे असलेले हात एकाच वेळी एकाच ठिकाणी जमले. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हातमागाचे विणकर त्याआधीही होते. पद्मशाली, कोष्टी, साळी, मोमीन या समाजांची घरं आणि माग पेठांतून पसरलेले होते, आणि तेलंगणातून येणाऱ्या पद्मशालींचा ओघ नंतरही चालू राहिला.

गिरणीतल्या दिवसाची लांबी पाहिली की खाण्याचा आकार समजतो. कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांपेक्षा मोठा नसावा, असं बंधन १९११ च्या कायद्याने आणलं. १९२२ मध्ये ती मर्यादा अकरावर आली, १९३४ मध्ये दहावर. अशा दिवसात मधल्या सुट्टीपुरतं खाणं घरूनच यायचं. हॉटेलात बसून जेवायला कामगाराजवळ पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. मुंबईत बायको-मुलं गावी ठेवून एकटे आलेले पुरुष खानावळीत जेवत. सोलापूरकडे आलेली माणसं बरीचशी जवळच्या तालुक्यांतून आणि सहकुटुंब आलेली. विणकरांचा तर मागच घरात होता. चूल घरात असल्यावर खानावळीची गरज कमी. कोल्हापूरला बाहेरच्या ताटाची जशी मोठी परंपरा तयार झाली, तशी सोलापुरात का नाही, याचं मला पटलेलं कारण हेच आहे. इथलं चांगलं जेवण उंबऱ्याच्या आत राहिलं. बाहेर आलं ते फक्त दोन प्रसंगी: बाजाराच्या दिवशी आणि जत्रेच्या दिवशी.

बाजाराचं पहा. शहराच्या जुन्या वस्त्यांची नावंच वारांची आहेत, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, शुक्रवार पेठ. वाराने चालणाऱ्या व्यापाराची ती खूण आहे. जिल्ह्यात करमाळा, जेऊरकडची बाजार आमटी प्रसिद्ध आहे. आठवडी बाजाराला आलेले व्यापारी आणि शेतकरी आपापल्याजवळच्या डाळी एकत्र करून मोठ्या भांड्यात तिखटजाळ आमटी शिजवत आणि तीत भाकरी चुरून सगळे मिळून जेवत, अशी तिची हकीकत सांगतात. हकीकतीचा शब्द न् शब्द खरा मानायची गरज नाही. पदार्थाचा बांधाच साक्ष देतो: एकच डाळ नाही, डाळींचा मेळ, एका घराच्या मापाची नाही, पंगतीच्या मापाची, आणि भाजीपाल्यावर न अडणारी. ही आमटी वारामुळे जन्मली.

जत्रेचं पाहायचं तर सिद्धेश्वराच्या गड्ड्याकडेच वळावं लागतं. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले शिवयोगी आणि कन्नड वचनकार. अनुयायांना सोबत घेऊन त्यांनी तलाव खोदला, आणि आज त्या तलावातच त्यांचं मंदिर आहे. पलीकडे भुईकोट किल्ला. शहराचं सर्वांत देखणं दृश्य हेच, आणि पाहुण्याला तासाभरात ते बघता येतं. पण ते दृश्य जिवंत होतं ते मकर संक्रांतीच्या सुमारास. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा, मग होम, मग शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे आणि दुकानं लागतात, जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून माणसं येतात. आता या तिथीला घराघरांत काय शिजतं ते पहा. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, गाजर, वांगं, हरभरा यांची मिसळीची भाजी. संक्रांतीला शेंगापोळी किंवा तिळगुळाची पोळी. लिंगायत घरांत गव्हाची हुग्गी. हुरडाही त्याच दिवसांत. शेत, घर आणि देऊळ तिन्हींचं घड्याळ एका आठवड्यात जुळतं. शहराला खऱ्या अर्थानं पाहुणचार करता येतो तो तेव्हा, कारण तेव्हा प्रत्येक घरात पाहुणा असतोच.

पूर्व भागाची तिथी वेगळी. शहराच्या पूर्वेकडच्या तेलुगू वस्त्यांना सोलापुरात नुसतं 'पूर्व भाग' म्हटलं तरी पुरतं. तिथे वर्षाचा मोठा दिवस नारळी पौर्णिमेचा. मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, विणकर समाजाच्या दृष्टीने तो दिवाळीच्या तोडीचा सण. शारदीय नवरात्राच्या सुमारास बायका फुलांची बतुकम्मा रचतात. यंत्रमागाच्या खडखडाटात एरवी जिथे बोलणं ऐकू येत नाही, त्या गल्ल्या तेव्हा मोकळ्या होतात. या भागातल्या बायकांनी विडी वळून संसार उभे केले. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, घरी बसून विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. बोटं कामात गुंतलेली असताना चुलीवर रटरटत राहील असं काहीतरी ठेवायचं, आणि त्यात अंबाडीची आंबट भाजी ज्वारीच्या कण्या घालून करणं सगळ्यांत सोयीचं. ही भाजी कन्नड घरातही आहे, तेलुगू घरातही आणि मराठी घरातही. फोडणी तेवढी बदलते. सोलापूरचं म्हणून एकच खाणं निवडायचं झालं तर मी चटणीआधी हिचं नाव घेईन. पण पाटीवर लिहून ती विकली जात नाही, म्हणून पाहुण्याला तिची ओळखच होत नाही.

तिसरं घड्याळ चंद्राचं. रमजानमध्ये विजापूर वेशीजवळ मीना बाजार भरतो आणि संध्याकाळनंतर जुन्या शहराचा तो कोपरा रात्रभर जागा राहतो. इथलं मुस्लिम खाणं समजून घ्यायला जुना नकाशा लागतो. सोलापूर किल्ला कुणाचा यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही पिढ्यान् पिढ्या भांडल्या. नंतर सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आलं, तर पलीकडचं तुळजापूर आणि नळदुर्ग १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाकडे होतं. शहर दोन राज्यांच्या शिवेवर बसलेलं असल्यावर दख्खनी स्वयंपाक दोन्ही बाजूंनी येत राहणं साहजिक होतं. डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवलेला दालचा भातासोबत खाणं ही इथल्या लग्नांची ओळख आहे, आणि त्याची चव केवळ मुस्लिम घरांपुरती उरलेली नाही.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. कडक भाकरी विजापूर, कलबुर्गीकडे सर्रास खातात, दालचा हैदराबादचा, अंबाडी तेलंगणाची, धपाटे आणि येसर मराठवाड्यातही घरोघरी. मग यात सोलापूरचं स्वतःचं काय उरलं? मला वाटतं, या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे, की स्थानिक म्हणजे दुसरीकडे नसलेलं. सीमा तर कालपरवाच्या आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही वाद मिटला नाही, आणि १९६७ च्या महाजन अहवालाने तर अख्खा अक्कलकोट तालुका कर्नाटकाला द्यावा असं सुचवलं होतं. तो अहवाल महाराष्ट्राने नाकारला, पण ज्या मुलखाच्या भाषेविषयी आयोगाला असा निष्कर्ष काढता आला, त्या मुलखाची चूल एका राज्यात मावणारी नव्हती हे उघड आहे. सोलापूरचं वेगळेपण पदार्थाच्या एकमेवपणात शोधू नये. चार प्रांतांचं जेवण एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, चार वेगवेगळ्या पंचांगांनी चालतं, हे सोलापूरचं आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं आठवावीत: मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार समाज, चार घरच्या चुली. ज्या गावातून ही चार नावं एका खटल्यात एकत्र येतात, त्या गावाचं खाणं एका ताटात बसवायचा हट्टच चुकीचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो. दुष्काळाचं आणि गरिबीचं अन्न आपण कौतुकाने मिरवतो आहोत का? दोन वेळा ताजं शिजवायला सरपण नव्हतं, धान्य पुरवून खावं लागत होतं, म्हणून भाकरी वाळवली गेली. आणि आज तीच चकचकीत पाकिटात घालून 'आरोग्यदायी' म्हणून विकायची? आक्षेपात तथ्य आहे, आणि पाहुण्यासमोर इतिहास गाळून फक्त चव ठेवली तर तो खराही ठरतो. पण भूक भागवण्यासाठी माणसांनी जे कसब कमावलं ते भुकेबरोबर पुसून टाकावं असं मला वाटत नाही. पापडासारखी पातळ, न फाटणारी भाकरी थापणं हे बायकांच्या हातातलं कौशल्य आहे, आणि त्या पाकिटाने बचत गटांतल्या असंख्य बायकांना रोख कमाईही दिली आहे. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जकार्डवर नक्षी उठवणाऱ्याचं कसब कायद्याने मान्य झालं. भाकरी थापणारीच्या कसबाची तशी दखल घ्यायला आपण तयार आहोत का, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. तिला थापण्याची मजुरी किती मिळते, हे विचारल्याशिवाय त्या भाकरीचं कौतुक पुरं होत नाही.

आता राहिला व्यवहारी माणसाचा मुद्दा. हल्ली रस्त्याकडेच्या हॉटेलात बाराही महिने हे सगळं मिळतं, मग तिथीची कटकट कशाला? मिळतं हे खरंच. पण काय मिळतं आणि काय मिळत नाही, याची वाटणी पाहावी. टिकाऊ ते ताटात आलं. हुरडा, हुग्गी, अंबाडी, पंगतीचा दालचा मागेच राहिलं. शिवाय ज्या पायावर हे पंचांग उभं होतं तो पायाच हलतो आहे. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, पाणी आलं, आणि जिल्हा उसाकडे वळला. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर आज राज्यात आघाडीवर आहे. ज्या शेतकऱ्याला ऊस परवडतो त्याने ज्वारीच करावी, असं त्याला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरीही ज्वारीचं रान आक्रसलं की हुरड्याचे आठवडे आपसूक एका शेतकऱ्याकडून दुसऱ्या 'हुरडा पार्टी'वाल्याकडे जातात, माणशी दर लावून, हे डोळ्यांसमोर घडतं आहे. गिरण्या तर एकामागून एक बंद पडल्या. विडी कामगार आणि असंघटित कामगार कुंभारीच्या माळावर मोठ्या वसाहतींत राहायला गेले. तिथल्या रे नगरमधल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. शहराची चूल आता पेठांतून त्या माळाकडे सरकते आहे. सोलापूरचं खाणं शोधणाऱ्याने पुढच्या काळात जुन्या वेशींइतकंच तिकडेही पाहायला हवं.

आणि ज्याला मे महिन्यातच यावं लागतं, शाळांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात म्हणून, त्याचं काय? चाळिशी ओलांडलेल्या उन्हात ना गड्डा, ना हुरडा, ना रथ. पण ते ऊनही इथल्या स्वयंपाकाचं साधनच आहे. गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे वाळतात, कडक भाकरीच्या चवडी लागतात, नवी ज्वारी निवडून वर्षाच्या बेगमीला भरली जाते, आणि लग्नाच्या मांडवांत दालच्याची पातेली चढतात. त्या दिवसांत पाहुण्याने चादर घ्यायला पूर्व भागात जावं, दुकानाच्या मागे माग चालू असेल तर पाहू द्याल का असं विचारावं, आणि दुपारच्या सुट्टीची वेळ विचारून घ्यावी.